घेऊन जा गे नारबोद

मुर्री (गोंदिया)
३ ऑगस्ट २०२५

धनू बेटा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेला असेल तर माझा मोबाईल. तो मी बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला आहे आणि वर झाकण लावलं आहे. तू फोन लावून लावून थकला असशील. थकू दे. आता जे बोलायचं ते कागदावर.

झालं असं. परवा कुडव्याहून रामलालभाऊ कटरे आले, म्हणजे आपल्या योगेश्वरीचे वडील. साक्षगंधाची, म्हणजे तुमच्या पुण्याच्या साखरपुड्याची, तारीख काढायला आले असतील म्हणून मी सुवारी-बडा करायला घेतला. तर माणूस ओसरीवर नुसता बसून. चहा थंडा झाला तरी हात लावेना. शेवटी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या कानावर दुसऱ्याकडून जाण्यापेक्षा मीच सांगतो. मले फोन आला होता." कोणाचा, तर नागपूरच्या कोण्या मूल न होणाऱ्या बायांच्या दवाखान्याचा. "आपकी बेटी की तकलीफ के लिए पहली सलाह मुफ्त," असं ती पोरगी बापाला सांगते! पोरीचं लग्न व्हायचं आहे, आणि बापाला हा फोन. रामलालभाऊंचे डोळे भरून आले, मलाही कुठे बघावं कळेना.

त्यांनी सगळं सांगितलं. योगेश्वरीची पाळी मागेपुढे होत होती, डॉक्टरकडे गेली, गोळ्या घेतल्या, आता ठीक आहे. हा काय रोग आहे? अर्ध्या गावाचं हेच आहे. मी म्हटलं, "भाऊ, याच्यासाठी सोयरीक मोडत नसते." पण गोष्ट बाहेर गेली कशी? तिला डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं होतं, माहीत आहे? आपली शेजारीण नंदाबाई. तिचं माहेर कुडव्यात कटऱ्यांना लागूनच आहे, आणि ही सोयरीक सुचवलीही तिनंच. तिची सून दवाखान्यात कामाला. आता दोन आणि दोन किती होतात हे मी पोरांना जन्मभर शिकवलं. सकाळी नळावर सगळ्या बायांसमोर मी नंदाबाईला विचारलं, आणि नीट शब्दांत नाही विचारलं.

पण योगेश्वरीचं म्हणणं वेगळंच. ती म्हणते, "आत्याबाई, नंदामावशीनं काही नाही सांगितलं. मी पाळीच्या तारखा फोनमधल्या एका अ‍ॅपमध्ये भरत होती. तिथूनच गेलं." आणि मला म्हणते, "ते पुण्याले कॉम्प्युटरमध्येच आहेत ना, त्यांना पुसा, कोणकोणत्या कंपन्यांपासून दूर राहायचं. पण चिठ्ठीनं पुसा, फोनवर नको."

म्हणून ही चिठ्ठी. दादा-वहिनी गेल्यापासून तुझ्या लग्नाचं माझ्या गळ्यात आहे, ते नीट पार पडू दे. सोपं लिही. नावं लिही. बाकी धानाचा रोवणा आटोपत आला आहे.

तुझी
तुलसा आत्या

*

पुणे
९ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र सोसायटीच्या वॉचमननं माझ्या हातात असं दिलं, जणू कोर्टाची नोटीसच. आत्या, फोन तांदळात ठेवून कंपन्यांचं काहीही बिघडत नाही. बिघडतं ते माझं. मी सहा दिवस तुला फोन लावतोय आणि शेवटी मुर्रीच्या किराणा दुकानात फोन करून तू जिवंत आहेस ना, हे विचारलं. दुकानदार म्हणाला, "मजेत आहे, सध्या भांडून राहिली."

तिनं विचारलं म्हणून सांगतो. हा विषय फार गुंतागुंतीचा आहे. फुकट मिळणारं प्रत्येक अ‍ॅप काही ना काही गोळा करतं. टॉर्च लावायचं अ‍ॅपसुद्धा. शोधायचं, नकाशा पाहायचं, गाणी ऐकायचं, पैसे पाठवायचं, सगळंच. टाळायचं म्हटलं तर सगळं टाळावं लागेल, आणि सगळं टाळता येत नाही. परवानग्या बंद ठेवायच्या, लोकेशन बंद ठेवायचं, नको ते अ‍ॅप काढून टाकायचं, प्रत्येक ठिकाणी वेगळा ई-मेल द्यायचा, अटी वाचल्याशिवाय होकार द्यायचा नाही. अटी कोणीच वाचत नाही, ही गोष्ट वेगळी. कंपन्यांची नावं देण्यात अर्थ नाही. एक टाळली की दुसरी असतेच.

आणि एक सांगू? गावात गोष्ट फुटायला कंपनी लागत नाही. नंदामावशीचं मी काही म्हणत नाही, पण तिची सून खरंच दवाखान्यात आहे ना? तो फोन कुठून आला याच्या मागे फार लागू नका. असे फोन सगळ्यांना येतात. योगेश्वरीला म्हणावं, मला त्या गोष्टीनं काडीचाही फरक पडत नाही. वधूवर मेळाव्यात ती माइकवर जे बोलली, "मुलाचा पगार नंतर सांगा, आधी तो भांडतो कसा ते सांगा," तेव्हापासून माझं ठरलंय. साक्षगंध लवकर होऊ दे.

तुझा
धनेंद्र

*

मुर्री
१४ ऑगस्ट २०२५

धनू,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. हे उत्तर आहे का? मी विचारलं कोणत्या विहिरीचं पाणी पिऊ नये, तर तू म्हणतोस पाणी फार गुंतागुंतीचं असतं. आता मी काय करू, फोन नेऊन इटियाडोह धरणात बुडवू? शाळेत एखादा पोरगा असं उत्तर लिहायचा तेव्हा मी समजून जायची की याचा अभ्यास झालेला नाही. तुझा तर अभ्यासच हा आहे!

पत्र योगेश्वरीला दाखवलं. ती शाळेत शिकवून तशीच स्कूटीवर आली होती. वाचता वाचता मेळाव्याच्या गोष्टीवर हसली, मग परत वरून सगळं वाचलं. म्हणाली, "यांनी एकही नाव काऊन नाही लिहिलं?" मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, मोठ्या शहरात माणूस जपून बोलतो. तर म्हणे, "मंग मी माझ्या हिशोबानं ठरवते. जो मले पुसून घेते, तो चालते. जो न पुसता घेते आणि तिसऱ्याले देते, तो बंद." त्याच हिशोबानं तिनं माझ्यासमोर फोनमधून एकेक काढायला सुरुवात केली. फोटो सुंदर करणारं काढलं, चालणं मोजणारं काढलं, फुकट कर्जवालं काढलं. बँकेचं ठेवलं. मी म्हटलं, "बाई, न पुसता तर मीही सगळ्या गावाची माहिती काढते. सोयरीक जुळवायची म्हणजे पाच गावं विचारपूस करावी लागते. कोणाचं कूळ काय, कोणाच्या घरी काय दुखणं, कोणाचं कोणाशी पटत नाही. मग मलाही बंद करशील?" तर कशी म्हणते पहा, "तुम्ही आमच्या ओसरीवर बसून पुसलं, आत्याबाई. माझ्या आईनं तुमाले तोंडावर सांगितलं की हे नाही सांगत. त्या कंपनीले कोण सांगन?"

पोरगी हुशार आहे. तुझ्यापेक्षा जास्त, हे मी आताच सांगून ठेवते.

आता दुसरं. नंदाबाई माझ्याशी बोलत नाही. पोळ्याची तयारी तोंडावर आली आहे आणि आमच्या दोन घरांमध्ये या वर्षी वाटीसुद्धा गेली-आली नाही. तिच्या सुनेनं येऊन माझ्या पोथीवर हात ठेवून शपथ घेतली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तू लिहिलंस म्हणून मी अजून तिच्यावर संशय धरून आहे, पण मन खातं.

आणि रामलालभाऊंकडून रीतसर विचारणा आली आहे. बायोडाटात मी "पुण्यात आयटी कंपनीत" एवढंच लिहिलं होतं, ते म्हणतात कंपनीचं नाव कळवा. बरोबरच आहे, आपण त्यांचं मामाकूळ विचारलं, त्यांनी तुझी कंपनी विचारली. परतीच्या टपालानं कळव. योगेश्वरी मात्र सोमवारी सुट्टी काढून नागपूरला त्या दवाखान्यात जाणार आहे. म्हणे, "सांगेपर्यंत तिथून उठत नाही."

तुलसा आत्या

*

पुणे
१८ ऑगस्ट २०२५

आत्या,

घाईत लिहितोय, स्पीड पोस्टनं पाठवतो. योगेश्वरीला नागपूरला जायची काय गरज होती? तिथे बसलेल्या पोरींना काही माहीत नसतं. उगाच तमाशा होईल आणि रामलालकाकांचंच नाव चार ठिकाणी जाईल. थांबव तिला. एव्हाना ती गेली असेल, हेही मला माहीत आहे. हे पत्रांचं खूळ कोणी काढलं!

कंपनीचं नाव सांगून त्यांना काय कळणार? नवी आहे, फार कोणाला माहीत नाही. पगाराची स्लिप हवी असेल तर ती दाखव, सोबत जोडली नाही पण पाठवीन. माझं काम कॉम्प्युटरवर माहिती नीट लावायचं आहे, एवढं सांग. दसऱ्याची वाट कशाला पाहायची? साक्षगंध त्याआधीच उरकू. मी सुट्टी काढून येतो.

नंदामावशीशी बोलून टाक ना तू. सणावारी भांडण बरं नाही.

धनेंद्र

*

मुर्री
२४ ऑगस्ट २०२५

धनू बेटा,

आज मी खूप खुश आहे आणि खूप चिडलेली आहे, दोन्ही एकदम. नीट बसून वाच.

योगेश्वरी नागपूरला जाऊन आली. सकाळी बसली ती तिथे ठाण मांडून. आधी म्हणाले मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मग म्हणाले आम्हाला नंबर कुठून येतात माहीत नाही. ही म्हणाली, "मंग मी इथं येणाऱ्या प्रत्येक बाईले सांगते, तुमचं दुखणं हे तुमच्या बापाले फोन करून सांगतात." तेव्हा कुठे काउंटरवरची पोरगी हळूच म्हणाली, "दीदी, हमारी गलती नहीं है। हमको तो मित्रांकवाले लिस्ट भेजते हैं, पैसा देके लेते हैं हम।" मित्रांक! तुमच्या पुण्यातलीच कंपनी आहे म्हणे. योगेश्वरीनं आणखी खोदलं. तारखा त्या अ‍ॅपनं विकल्या आणि मित्रांकनं कोणती बाई कोणत्या घरची, बाप कोण, त्याचा नंबर कोणता, हे सगळं जोडून दिलं. तिनं बापाचा नंबर कुठेच भरला नव्हता, रे! ती येताना बसमध्ये रडली. मला सांगतानाही रडली. इतकी करारी पोरगी, पण किती सहन करणार?

मग काल नारबोद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याकडे काय होतं ते पुण्यात राहून विसरला नसशील. गावाची पीडा बाहेर टाकायला सगळं गाव नारबोदीचा पुतळा घेऊन शिवेकडे निघालं. "खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद! ढेकून-मच्छर घेऊन जा गे नारबोद!" योगेश्वरी रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला आली होती. मी तिला म्हटलं, नुसते मच्छर काय, जे नको ते सगळं सांगायचं असतं. मग मी माझ्या शाळेतल्या आवाजात ओरडले, "मित्रांक कंपनी घेऊन जा गे नारबोद!" आधी सगळे थांबून पाहायला लागले. मग पोरांनी उचललं. त्यांना काय, ओरडायला काहीतरी पाहिजे. फुकट कर्जवाले घेऊन जा, बिनकामाचे फोन घेऊन जा, मित्रांक घेऊन जा! आपला पोस्टमन बिसरामसुद्धा ओरडत होता. त्याला गावातल्या कोणाला कुठून चिठ्ठी येते सगळं ठाऊक, पण म्हणे, "मी पाकीट फोडून तर नाही ना वाचत, आत्याबाई." शिवेपर्यंत तेच चाललं. योगेश्वरी इतक्या दिवसांनी पोट धरून हसली. तिच्या बंद कंपन्यांत आता पहिलं नाव हेच आहे.

परत येताना मी सरळ नंदाबाईच्या दारात गेले. पाय धरले, म्हटलं, चुकलं. ती दळण पाखडत होती. वर पाहिलं नाही. म्हणाली, "नळावर बोलली तू, आणि माफी माझ्या दारात मागून राहिली? तिथं ज्यांनी आयकलं, त्यांना कोण सांगन?" खरंच आहे तिचं.

तर आता तू सांग. हे मित्रांकवाले कोण? तुझ्या ओळखीत कोणी आहे का तिथे? असला तर त्याचं नाव लिही, मी स्वतः येऊन त्याच्या आईला भेटेन. आणि तुझ्या कंपनीचं नाव अजून आलेलं नाही. रामलालभाऊ दोनदा विचारून गेले. असं काय आहे त्यात?

तुलसा आत्या

*

पुणे
३० ऑगस्ट २०२५

आत्या,

मी मित्रांकमध्येच आहे. तीन वर्षं झाली.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. सगळं गाव आपल्या कंपनीचं नाव घेऊन ओरडतंय, हे वाचून आधी हसू आलं, मग पायऱ्यांवरच बसलो. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. मुलीबद्दलचा फोन बापाला गेला, हे वाचलं आणि कळलं. एकाच घरातले नंबर शोधून एकमेकांना जोडणं, हे काम आमच्याकडे माझं आहे. रात्री फोन एका ठिकाणी असतात, वीजबिल एका नावावर असतं, रिचार्ज एकाच खात्यातून होतो, यावरून घर ओळखायचं. मी ते लिहिलं तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मी कोणाचं नाव पाहत नाही, आत्या. मला तिथे योगेश्वरी दिसत नाही, रामलालकाका दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. ते आकडे कोण कशासाठी विकत घेतं, हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं तिथे.

आणि चिडूनच लिहितो, मी काय एकटाच आहे का? मी सोडलं तर उद्या दुसरा तेच करेल. इथल्या अर्ध्या कंपन्या हेच करतात. घरभाडं आहे, भाच्याची फी आहे, तिकडच्या शेतीचा खर्च मीच पाठवतो. हे तुला माहीत नाही का? सगळे मलाच का धरता?

पण नंदामावशीचं मी लिहायला नको होतं. ते मुद्दाम लिहिलं. तिच्यावर गेलं तर माझ्यावर येणार नाही, असं वाटलं.

आत्या, हात जोडतो. एवढ्यात कोणाला सांगू नकोस. साक्षगंध होऊ दे, मग मी स्वतः योगेश्वरीला सांगतो. दिवाळीनंतर दुसरी नोकरी बघतो. मला ती खरंच हवी आहे. तू नीट सांगितलंस तर होईल. तुझा शब्द तिकडे कोणी मोडत नाही.

धनू

*

मुर्री
७ सप्टेंबर २०२५

धनेंद्र,

शेतीचा खर्च पाठवतोस हे मी कधी विसरले नाही. पण त्याचा या गोष्टीशी संबंध लावू नकोस, मला राग येतो.

तू म्हणालास कोणाला सांगू नकोस. मी सांगितलं. आधी सगळं ऐकून घे.

सोयरीक जुळवणाऱ्या माणसाची एकच गोष्ट असते, ती म्हणजे शब्द. दुसऱ्यांच्या पोरांची दारू, पहिली बायको, मिर्गी, मी मुलीकडच्यांना आधीच सांगत आले. लोकांनी शिव्या दिल्या तरी सांगितलं. आता माझ्या भावाचा पोरगा आला म्हणून तोंड शिवून घेऊ? तुझं पत्र आलं त्या रात्री दादाचा फोटो काढून पाहिला, आणि खूप रडले. रागानं जास्त रडले. तुला मी लहानपणापासून वाढवलं, खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. चिठ्ठीत कान दिसत नाहीत, म्हणून मी फसले.

सकाळी नळावर गेले. सगळ्या बाया होत्या, नंदाबाईही होती. मोठ्यानं म्हटलं, "ज्या गोष्टीवरून मी नंदाबाईला बोलले, ती गोष्ट माझ्या धनूनं बाहेर दिली. नंदाबाईनं नाही. मी तिची चूक काढली, चूक माझ्या घरची होती." नंदाबाईनं हंडा भरला आणि निघून गेली. मग थोड्या वेळानं तिची सून येऊन माझाही हंडा उचलून घरी ठेवून गेली. एवढंच झालं आहे अजून.

आता तुझी गोष्ट मुर्रीभर झाली, दुपारपर्यंत कुडव्यात पोचली. तुला न विचारता पोचली. तुझ्या कामाचं, पगाराचं, सगळं. तुला राग येईल, लाज वाटेल, कोण काय बोलत असेल म्हणून झोप लागणार नाही. रामलालभाऊ माझ्या ओसरीवर बसले होते ना, त्यांना तसंच वाटत होतं. हे तुला समजावून सांगायला मला दुसरी रीत सापडली नाही. मी मुद्दाम केलं.

संध्याकाळी कुडव्याला गेले. योगेश्वरी पोरांच्या वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं, तुझ्या पत्रातलं कामाचं तेवढं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. ते आकडे-बिकडे दोनदा वाचायला लावलं. मी म्हटलं, "बाई, तो सोडतो म्हणतो, वाईट नाही पोरगा, खरं तर बोलला ना शेवटी." आत्या आहे मी, एवढं म्हणणारच ना.

तिनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "आत्याबाई, एक गोष्ट पुसू? त्यांनी हे तुमाले लिहिलं, ते कंपनीचं नाव मी काढून आणल्यानंतर ना?"

धनू, एवढा मोह मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तारीख तर मीच सांगणार होते. नाही, आधीच लिहिलं होतं, टपाल उशिरा आलं, असं म्हटलं असतं तर ती मानली असती. माझा शब्द तिकडे कोणी मोडत नाही.

मी म्हटलं, "हो, नंतर."

"मंग राहू द्या," ती म्हणाली, आणि पुढची वही उघडली.

तुलसा